टॅलमनमधून निघताना

"तुमच्या या गावात बघण्यासारखं काही आहे का... तुझ्याशिवाय?"

हे मी विचारलं. मी! वर्षभरापूर्वी वर्गात 'हजर' म्हणतानासुद्धा जिचा घसा सुकायचा, ती मी, डेल्फीन. आणि ज्याला विचारलं, तो भर दुपारी पेकानच्या झाडाखाली उभा राहून हंड्याएवढ्या पातेल्यात भुईमुगाच्या शेंगा उकडत होता.

माझ्या खिशातल्या फोनवर ब्रिएल आणि मोना, माझ्या मैत्रिणी, श्वास रोखून ऐकत होत्या. पैज त्यांचीच. टॅलमनमध्ये जो पहिला मुलगा दिसेल त्याला हाच प्रश्न, याच शब्दांत विचारायचा. तिकडे डेट्रॉइटमध्ये पंख्याखाली बसून पैजा लावायला यांचं काय जातं!

तो थांबला. झारा हातात तसाच. वाफेतून त्याने माझ्याकडे पाहिलं, आधी बुटांकडे, मग चेहऱ्याकडे... अगदी सावकाश. इकडे दक्षिणेत, जॉर्जियात, सगळं असंच सावकाश चालतं.

"आहे ना," तो म्हणाला. "पाण्याची टाकी आहे. तिच्यावर गावाचं नाव लिहिलंय. पण ती माझ्याइतकी बोलकी नाही."

खिशातून फिदीफिदी आवाज आला.

"तुझा खिसा हसतोय," तो म्हणाला.

मी खिशातच बटण दाबून फोन बंद केला. कान गरम झाले होते, पण मान खाली घातली नाही. मी आता मान खाली घालणारी मुलगी नाही.

त्याने झाऱ्याने शेंगा काढून कागदी पिशवीत भरल्या. "घे. पाहुण्यांना पहिली पिशवी असते. मी ऑगस्टस. पण ते नाव फक्त चर्चमध्ये. बाहेर गस."

मी एक शेंग सोलायला घेतली, तर तो कळवळला. "अगं, अगं! आधी चोखायची. खारं पाणी आत असतं ना, तीच तर मजा. उत्तरेकडची ना तू?"

मी चोखली. खारट, ऊन ऊन... मला आवडली हे तोंडावर दिसू न देता म्हणाले, "बरी आहे. निघते मी." आणि चालायला लागले.

"ए! झालं?"

मी वळले. "काय झालं?"

"असं कसं जातात? मी काय केलं तुला?"

"निघते म्हटलं की."

"निघते म्हणणं ही तर सुरुवात," तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "मग मी म्हणायचं, बस की जरा. तू म्हणायचं, नको, आई वाट बघत असेल. मग मी आईची तब्येत विचारायची. मग तू झाडाला टेकायचं. मग कुठे खरं बोलणं सुरू होतं."

"आणि कामं?"

"कामं कुठे पळून जातात?"

मी झाडाला टेकले. फक्त बघायला... नेमकं काय होतं ते.

* * *

आम्ही त्या गावात हुंदडायला आलो नव्हतो. टॅलमनच्या छोट्या इस्पितळाने आईला मुख्य परिचारिका म्हणून बोलावलं होतं. आठवडाभर काम करून पाहा, मग सांगा, असं ठरलं होतं. आई नऊ वर्षांची असताना तिच्या घरच्यांनी हे गाव सोडलं. पण अजूनही दुकानात कुणी म्हातारी तिला विचारायची, "तू कुणाची गं?" आणि आईने आजोबांचं नाव सांगितलं की त्या बाईचा चेहरा असा उजळायचा, की आई दोन इंच उंच व्हायची. डेट्रॉइटमध्ये तिला 'तू कुणाची' असं कुणी विचारत नाही.

आईचं मत, यायचं. बाबांचं मत, अजिबात नाही. "रात्री आठला इथले दिवेसुद्धा जांभया देतात," ते म्हणायचे. आमच्या घरात असं अडलं की तिसरं मत माझं. ते मी शनिवारी, परत निघताना द्यायचं होतं.

मी डेट्रॉइटहून निघाले तेव्हा माझं मत पक्कं होतं. नाही म्हणजे नाही. मागच्याच महिन्यात मी शाळेच्या वादविवाद संघाची कर्णधार झाले होते. पूर्वी ज्या मुली मला ढकलून पुढे जायच्या, त्या आता माझ्यासाठी जागा धरायच्या. हे सगळं सोडून इथे कोपऱ्यातल्या बाकावर पुन्हा पहिल्यापासून? वेड लागलंय का मला!

लागलं होतं बहुतेक. कारण रोज दुपार कलली की माझे पाय आपोआप हॉटेलमधून बाहेर पडून त्या झाडाकडे जायचे.

"निघते हं मी," मी पोचल्या पोचल्याच म्हणायचे.

"बस की जरा," तो लगेच.

आमच्या सगळ्या भेटी म्हणजे निरोपच होते. आल्याबरोबर घ्यायला सुरुवात करायची, ते आकाश जांभळं होईपर्यंत.

बाबांना मात्र या पद्धतीने जेरीस आणलं होतं. इस्पितळातल्या बायका आईला सोडायला गाडीपर्यंत यायच्या, आणि मग खिडकीवर हात टेकून पुन्हा सुरू. बाबा चावी लावून, काढून, पुन्हा लावून बसायचे. एकदा मला म्हणाले, "या गावातली माणसं निरोप घेता घेताच म्हातारी होत असतील."

एका दुपारी ढग असे गडगडले की गसने धावत ताडपत्री ओढली. आम्ही दोघं तिच्याखाली, मध्ये पातेलं. पाऊस असा काही आला, की रस्त्यापलीकडचं हॉटेल दिसेना. शेंगेसाठी हात घातला तर त्याच शेंगेवर त्याचाही हात. दोघांनीही काढला नाही. चटका बसत होता... शेंगेचाच असावा.

"तुमच्या शाळेत वादविवाद संघ आहे?" मी विचारलं. काहीतरी बोलायला हवं होतं ना.

"संघ नाही. वाद आहे. भाजलेल्या मांसाला मोहरीचा सॉस लावायचा की व्हिनेगरचा. त्यावरून दोन काका एकमेकांशी बोलत नाहीत."

"तू कुठल्या बाजूचा?"

"मी दोघांकडे जेवतो."

मी इतकी हसले, की त्याने मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिला. पाऊस ताडपत्रीवर ताशासारखा वाजत होता. मग मी धीर केला. पैज नव्हती, खिशात फोन चालू नव्हता, माझं मीच विचारलं—

"मी आले इथे राहायला... तर?"

त्याच्या ओठांवर काहीतरी आलं. मला दिसलं ते. मग त्याने गिळलं.

"तर टाकीशी तुझी ओळख करून देईन," तो म्हणाला, आणि उगाच पातेलं ढवळायला लागला.

'ये.' एवढंच म्हणायचं होतं त्याने. मी परत जाताना डबकी चुकवतसुद्धा नव्हते. आख्ख्या संघासमोर मी समोरच्याच्या तोंडून हवं ते वदवून घेते, आणि या एका मुलाकडून एक अक्षर निघत नाही? त्या रात्री ब्रिएलने विचारलं, "काय म्हणतोय तुझा शेंगावाला?" मी म्हणाले, "काहीच म्हणत नाही गं... तेच तर."

* * *

शनिवार उजाडला. बाबांनी सामान भरलं. आई पुढच्या सीटवर पट्टा लावून बसली होती. आठवडाभर तिने मला एकदाही पटवायचा प्रयत्न केला नव्हता. रागावली असती तर सोपं गेलं असतं.

"मोठा रस्ता लागायच्या आत मत सांग," बाबा म्हणाले. "सोमवारी आईला उत्तर द्यायचंय."

"आलेच मी. शेंगा घेऊन."

"तुझ्या केसांनासुद्धा आता शेंगांचा वास येतोय," बाबा पुटपुटले.

गस नेहमीच्याच जागी होता. पण त्याने मान वर केली नाही. पिशवी आधीच भरून ठेवली होती, ती पुढे सरकवली.

"निघते हं मी," मी म्हणाले. आणि थांबले. आता तो म्हणणार...

"बरं," तो म्हणाला. "नीट जा."

आणि माझ्याकडे पाठ करून झाकण उचलायला लागला.

मी तिथेच उभी. झाडाला टेकायची जागा रिकामी होती, पण आमंत्रणच नव्हतं. "हे काय?" मी म्हणाले. "बस की जरा, नाही? माझ्या आईची तब्येत?"

"डेल... जा ना."

"मी काय केलं तुला?"

त्याचे खांदे हलले. वळला तेव्हा डोळ्यांच्या कडा लाल होत्या. म्हणाला, "वाफ आहे." मी पातेल्याकडे पाहिलं. खाली जाळ पेटवलेलाच नव्हता.

"लांबवलं ना, तर तोंडातून निघेल," तो हळूच म्हणाला.

"काय?"

"तेच. तू आठवडाभर ऐकायला थांबलीयस ते."

"मग निघू दे की!" माझा आवाज चिरकला. "एकदाच, गस. कुणी ऐकत नाहीये."

त्याने मान हलवली. "माझ्या तोंडून ऐकून आलीस, आणि ऑगस्टात उन्हाने जीव नकोसा झाला, शाळेत तुला कुणी ओळखेना... तर म्हणशील, याने बोलावलं म्हणून आले. मला गावावर रुसलेली डेल नको. रोज संध्याकाळी येऊन 'निघते' म्हणणारी हवीय. फार हवीय. झोपेतसुद्धा मी 'बस की जरा' म्हणतो, माझा भाऊ उशी फेकून मारतो."

मी रडता रडता हसले. त्याने माझा हात धरला, घट्ट, दोन्ही हातांत. त्याची बोटं खारी होती. ओठांना लावली म्हणून कळलं.

मग मी हात सोडवला. मीच. आणि एकदाही मागे न बघता रस्ता ओलांडला, कारण बघितलं असतं तर बाबांना दुसरा दिवस उजाडेपर्यंत चावी फिरवत बसावं लागलं असतं.

गाडी सुरू झाली. पाण्याची टाकी गेली. चर्च गेलं. आई खिडकीबाहेर बघत होती, हात मांडीवर घट्ट गुंफलेले. मी कर्णधारपदाचा विचार केला, अगदी प्रामाणिकपणे. दुखलं. मग कोपऱ्यातल्या बाकावरची नवी मुलगी डोळ्यांसमोर आणली, जिला कुणी ओळखत नाही. तिची भीती वाटली. पण या वेळी तिला बोलता येत होतं.

पुढे मोठ्या रस्त्याची हिरवी पाटी दिसली.

"माझं मत," मी म्हणाले, "यायचं."

आईने वळून पाहिलं. बाबांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मांडीवरच्या न उघडलेल्या पिशवीकडे.

"आणि तुझा वादविवाद संघ?"

"इथे नाहीये. मी काढेन."

बाबांनी गाडीचा वेग कमी केला. मग हळू आवाजात म्हणाले, "खरं सांग, पोरी. कुणी बोलावलंय का तुला?"

"नाही, बाबा," मी म्हणाले. "कुणीच नाही बोलावलं. मीच येतेय."