ओला वेत

जेवणं झाली, दिवे गेले आणि गच्चीवर पोरं काकांभोवती गोळा झाली.

"काका, खरी सांगा हं. मागच्या वेळची थाप होती."

"ती थापच होती," काका म्हणाले. "ही माझ्या शेजारच्या दुकानातली. खुर्च्या विणणाऱ्या मिस्त्रीची. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या."

गेल्या जानेवारीतला दुसरा मंगळवार. सकाळीच चौकातला औषधवाला टेम्पोत आरामखुर्ची घालून आला. खुर्ची त्याच्या आईची. आई जाऊन महिना झाला होता. बैठकीचा वेत कुजून खाली लोंबत होता.

"मिस्त्री, हिला नवरीसारखी करून द्या. उद्या सकाळी माझी ताई येतेय. आईची आठवण म्हणून तिला हीच हवी."

"एका दिवसात? शेठ, वेत आहे हा. चहा नाही, उकळला की झाला."

"वेत जरा वाकडातिकडा झाला तरी चालेल. पण हातांवरचे हे ओरखडे... ते गेले पाहिजेत."

मिस्त्रीने खुर्चीच्या हातांवरून बोट फिरवलं. ओरखडे नव्हते ते. मनगट टेकतं तिथे, दोन्हीकडे, लाकडात खाचा पडल्या होत्या. दोरीच्या. आणि खालच्या बाजूला नखांनी उकरलेलं लाकूड.

"आईला बांधत होता?"

"पडायची हो ती. मी दुकानात. घरी बघणार कोण?"

"किती वेळ?"

औषधवाल्याने घड्याळाकडे बघितलं. "ताईला यातलं काही ठाऊक नाही. आई झोपेत गेली, एवढंच सांगितलंय मी."

आपल्याला काय करायचंय, असं म्हणून मिस्त्रीने खुर्ची आत घेतली. इथेच चुकलं त्याचं.

खाचांत त्याने पुट्टी भरली, काचपेपर मारला, पॉलिशचा हात दिला. मग भिजवलेला वेत ताणून बैठक विणली. वेत ओला असतानाच विणतात. रात्रभर वाळता वाळता तो आवळतो आणि ढोलासारखा ताठ होतो. म्हणून ओल्या वेतावर कुणाला बसू द्यायचं नाही, हा मिस्त्रीचा नियम. मग तो राजा असो नाहीतर जावई.

रात्री साडेदहाला औषधवाला खुर्ची न्यायला आला. हातांवरून तळवा फिरवून खूश झाला.

"वा! जणू काही झालंच नव्हतं."

आणि बसला.

"अहो शेठ, उठा! ओला आहे!"

"आईची खुर्ची आहे. मी नाही बसायचं तर..."

कर्र...

वेत बोलला. वाळताना बोलतो तसा. पण वाळायला अजून अख्खी रात्र होती.

"उठा म्हणतो ना!"

"उठता येत नाहीये."

त्याचे हात खुर्चीच्या हातांवर होते. मोकळे. वर काहीच नव्हतं. तरी मनगटांची कातडी दबत होती. आत... आणखी आत...

मिस्त्रीने बगलेत हात घालून ओढलं. खुर्ची सरकली. माणूस सुटला नाही.

"पाणी..."

मिस्त्रीने पेला ओठांशी नेला. पाणी आत जाईना, हनुवटीवरून ओघळलं.

मग औषधवाला बोलू लागला. मिस्त्रीशी नव्हे.

"हो... संध्याकाळी येतोच मी... ओरडू नको... शेजारी ऐकतात..."

मिस्त्रीला एकच सुचलं. त्याने पटाशी उचलली आणि भरलेली पुट्टी खरवडायला लागला. एक खाच उघडी पडली. वेत जरा सैलावला. दुसरी. औषधवाला धडपडत उठला, भिंतीला टेकून धापा टाकत राहिला.

"शेठ, ताईंना खरं सांगून टाका. हात जोडतो."

औषधवाल्याने मनगटं चोळली. मग म्हणाला,

"पुट्टीचा डबा कुठेय?"

"मी भरणार नाही."

"नका भरू. मी भरतो. तुम्ही जा घरी."

मिस्त्री दुकान तसंच टाकून निघाला. भीतीपुढे कुलूप कुणाला आठवतं? वळून त्याने बघितलं नाही. पण कोपऱ्यापर्यंत त्याला ऐकू येत होतं.

कर्र...

कर्र...

भाऊ घरी नाही, खुर्चीही नाही, म्हणून ताई सकाळी त्याला शोधत मिस्त्रीच्या दुकानात आली. मिस्त्री पोचला तेव्हा ती खुर्चीपाशी उभी होती. खुर्चीत भाऊ. गार. मांडीवर पुट्टीचा डबा, बोटं पांढरी. खाचा मात्र उघड्याच. मनगटांवर काय होतं ते मी सांगत नाही, तुम्हाला झोपायचंय.

"मिस्त्री, या खाचा कसल्या?" ताईने विचारलं.

मिस्त्रीने सगळं सांगितलं. ती रडली नाही. जमलेली माणसं भावाला उचलायला पुढे झाली, तर तिने हात आडवा धरला.

"संध्याकाळपर्यंत बसू दे त्याला. तिथेच."

मग ती खुर्चीच्या मागे गेली, आणि थबकली.

विणून उरलेली वेताची टोकं मिस्त्री मागे मोकळीच सोडून गेला होता. वाळल्यावर छाटतात ती. रात्रीतून कुणीतरी त्यांची वेणी घातली होती. तीन पेडांची, घट्ट... लहान मुलीला शाळेत पाठवताना आई घालते तशी.