आरशात डोळे दिसले पाहिजेत

"दिसत नाही का तुम्हाला?"

दोघांच्याही तोंडून एकदमच निघालं. ती वळणावर आपली बस थांबवून उडी मारून खाली आलेली, तो बसचा धक्का लागून फूटपाथवर बसकण मारलेला. मध्ये त्याची सायकल, मागच्या चाकाचा पार आठचा आकडा झालेला. आणि ओल्या रस्त्यावर जिकडेतिकडे चष्मे. गडी चष्म्याच्या दुकानातला. काचा घासायच्या, फ्रेमीत बसवायच्या आणि तयार चष्मे सायकलवरून घरोघरी पोचवायचे, हे त्याचं काम. भुरभुर पावसात तो रांगत रांगत एकेक चष्मा उचलत होता, उजेडाकडे धरून बघत होता. स्वतःचं मनगट टम्म सुजलंय, तिकडे लक्षच नाही.

मागून कंडक्टरमामा उतरले. म्हणाले, "दोघांनाही दिसत नाही म्हणता, आणि चष्म्यांचा तर खच पडलाय. घाला की एकेक."

तिला काही हसू आलं नाही. माणूस घाबरला की उगाच चिडतो, तसं झालं होतं तिचं.

डेपोत तिला सगळे 'धाकटी' म्हणायचे, कारण ड्रायव्हर मंडळींत ती सगळ्यात नवी. तीन वर्षं तिनं त्याच डेपोत बस धुतल्या होत्या. मग लायसन काढलं, परीक्षा दिल्या, आणि एकदाचं स्टिअरिंग हातात आलं. पण नेमणूक सहा महिन्यांची, कच्ची. पाच महिने कसे लोण्यासारखे गेले, आणि आता हे.

दुसऱ्याच दिवशी तक्रार आली. साहेबांनी बोलावून घेतलं, आवाज न चढवता सांगितलं, की महिनाअखेर ते स्वतः तिच्या बसमध्ये बसणार. चाललं तर पक्की, नाहीतर परत पाण्याचा पाइप हातात. ती बाहेर आली तर गेटपाशी हाच उभा. हाताला पट्टी, दुरुस्त केलेली सायकल, तोंडावर अपराधी भाव.

तक्रार त्यानं नव्हे, त्याच्या ताईनं केली होती. ताईनंच त्याला लहानाचं मोठं केलेलं, तिचा जीव वरखाली झाला होता. त्यानं समजावून पाहिलं, ती ऐकेना.

"मग तुम्ही सांगा की त्यांना, खोटं आहे म्हणून," धाकटी म्हणाली.

"खोटं नाहीये ना पण…" तो मान खाली घालून म्हणाला. "तुम्ही वळलात, मी होतो तिथे. एवढा साडेपाच फुटांचा माणूस दिसला कसा नाही, तेवढंच विचारायला आलोय."

तिचं डोकं सणकलं. तिनं त्याला दंडाला धरून बसमध्ये चढवलं, आपल्या सीटवर बसवलं, आणि त्याची सायकल घेऊन स्वतः फूटपाथच्या बाजूला, पुढच्या चाकापाशी जाऊन उभी राहिली.

"दिसतेय का मी?"

तो आरशात बघतो, काचेतून बघतो, मान उंचावतो… कुठे काही नाही. तिनं पत्र्यावर थाप मारली. थाप ऐकू येते, बाई दिसत नाही. ती सायकल धरून एकेक पाऊल मागे सरकत गेली, आणि बरीच मागे गेल्यावर आरशात तिचा चेहरा उगवला. रागानं लाल झालेला, कपाळावर बट चिकटलेली. तो बघतच राहिला.

"आता दिसलात," तो हळूच म्हणाला. "चांगल्याच दिसलात."

तिनं ऐकलं नाही असं दाखवलं. खडू आणून तिनं त्या जागेभोवती रेघ ओढली. आत दहा सायकली मावतील आणि ड्रायव्हरला एकही दिसणार नाही, एवढी जागा. त्या दिवशी हा बाबा तिला वाट करून द्यायला म्हणून नेमका तिथेच जाऊन थांबला होता.

पण त्याचंही एक म्हणणं होतं. तो आत सरकला तो तिच्या हॉर्नमुळे. ती म्हणाली, हॉर्न तर मी प्रेमानं देते, दोनदा, छोटासा… मी आलेय एवढंच सांगायला. तो म्हणाला, बसा सायकलवर. ती बसली, मैदानात दोन चकरा मारल्या. मामांनी एका जुन्या ड्रायव्हरकडून बस हळूच मागून आणवली आणि अगदी तिच्याच पद्धतीनं, दोनदा, छोटासा हॉर्न दिला. धाकटी सायकलसकट आडवी.

तो हात द्यायला धावला. "हे तुमचं प्रेम," तो म्हणाला.

आता मात्र तिला हसू आवरेना.

मग दोघांचं ठरलं. तिनं सायकलवाल्यामागे हॉर्न वाजवायचा नाही, दमानं मागे राहायचं आणि पुढे काढताना हातभर नव्हे, चांगलं पुरुषभर अंतर सोडायचं. त्यानं सिग्नलला बसच्या कुशीत शिरायचं नाही. मागे थांबायचं, आरशात तिचे डोळे दिसतील अशा जागी. त्याला ते दिसले की समजावं, तिलाही तो दिसतोय.

"म्हणजे रोज तुमच्या डोळ्यांत बघत उभं राहायचं?"

"सुरक्षेसाठी."

"हां… सुरक्षेसाठी तर काय, मी दिवसभर उभा राहीन."

आणि खरंच, बाजारच्या सिग्नलला सकाळी सव्वानऊला तो मागे उभा असायचा. तिची नजर आरशात जायची, त्याची तिथे आधीच येऊन बसलेली. एकदा त्यानं भुवई उडवली, एकदा तिनं जीभ दाखवली. मामा तिकिटं फाडता फाडता म्हणायचे, ग्रीन झालाय बरं का, कुणाला सांगायचं राहिलं असेल म्हणून सांगतो.

महिनाअखेर उजाडली. साहेब पुढच्या सीटवर, मांडीवर वही. आणि पुढच्या थांब्यावर चढली कोण, तर त्याची ताई. हाताची घडी घालून साहेबांच्या शेजारीच बसली. धाकटीनं गिअर टाकला.

बाजारचा सिग्नल लाल. तिनं आरशात पाहिलं आणि चक्रावली. मागे एक नाही, अकरा सायकली. पेपर टाकणारी बाई, पोस्टमन, पंक्चरवाला, कोण कोण. सगळे शिस्तीत मागे थांबलेले, सगळे माना वर करून आरशात टक लावून. त्यानं गावभर शिकवणी घेतली होती.

"हे लोक काय बघतायत?" साहेबांनी विचारलं.

"मला, साहेब."

तेवढ्यात एक म्हातारबाबा त्या रांगेशेजारून सायकल रेटत पुढे आले, आरशात दिसले… आणि गायब झाले. सिग्नल हिरवा झाला. मागून गाड्यांनी कोकलायला सुरुवात केली. धाकटीनं ब्रेक सोडला नाही, हॉर्नलाही हात लावला नाही.

"चला," साहेब म्हणाले.

"नाही साहेब. एक माणूस आत गेलाय, बाहेर आलेला नाही."

मामा उतरून बघतात तर म्हातारबाबा पुढच्या चाकाला टेकून, साखळीत अडकलेलं धोतर सोडवत बसलेले. मामांनी त्यांना फूटपाथवर घेतलं, मग हात केला. बस वळली, अगदी सावकाश. ताई खिडकीतून वाकून त्या जागेकडे बघत होती. त्या दिवशी अशाच जागी तिचा भाऊ होता.

डेपोत उतरल्यावर ताईनं साहेबांकडे कोरा कागद मागितला. म्हणाली, पहिली तक्रार मागे घेणार नाही, ती खरीच होती. पण आज डोळ्यांनी पाहिलं तेही लिहून देणार. साहेबांनी कागद दिला, वहीत सही ठोकली आणि जाता जाता हुकूम सोडला, की डेपोतल्या प्रत्येक ड्रायव्हरनं उद्यापासून खडूची ती रेघ बघायची, आणि रेघ दाखवायला धाकटीनं उभं राहायचं. पक्की ड्रायव्हर म्हणून. मामांनी तर तिला उचलायचंच बाकी ठेवलं.

संध्याकाळी चष्मेवाला गेटमध्ये आला. सिग्नलवरचं त्यानं मागून पाहिलेलं, डेपोतलं ताईनं सांगितलेलं, तरी त्यानं तिच्याकडून सगळं पहिल्यापासून ऐकून घेतलं. मग खाकरला.

"तुमची ड्युटी… किती वाजता सुटते?"

"आजची? सुटली की."

"नाही… रोजची. म्हणजे, यापुढची."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याचे कान लाल झाले होते.

"लग्नाचं विचारायचं असेल तर सरळ विचारा," ती म्हणाली. "टायमटेबल कसलं मागताय?"

त्यानं सरळ विचारलं. अडखळत, मध्येच थांबत, पण विचारलं. आणि धाकटीनं, आयुष्यात पहिल्यांदाच, मागेपुढे काही न बघता हो म्हटलं.