लगतधारक हजर

"हलू नका! तुम्ही माझ्या रेषेत आलात!"

धुक्यातून आवाज आला आणि उज्वला जागच्या जागी थिजली. दिवाळी चार दिवसांवर आली होती, सकाळचे दहा वाजले होते, तरी कुडपणच्या माळावर धुकं असं बसलं होतं की स्वतःच्या चपला दिसत नव्हत्या. समोर तीन पायांवर काहीतरी उभं होतं... एकटंच. त्याच्या माथ्यावर लाल दिवा लुकलुकत होता.

"कुणाच्या रेषेत?" तिने धीर करून विचारलं.

यंत्रामागून आधी छत्री आली, मग चष्मा, मग तिशीच्या आतला एक तरुण. "सरकारच्या. मी प्रितम, भूकरमापक. पोलादपूरहून आलोय, मोजणीला."

"मोजणी अकराची आहे. अर्ज माझाच आहे."

"मग तुम्ही रेषेत असायलाच हव्यात," तो म्हणाला, आणि स्वतःच्याच बोलण्याने गोंधळून यंत्राची काच पुसू लागला. काच स्वच्छच होती.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसात दरड आली आणि उज्वलाचं घर गेलं. तेव्हापासून ती आणि तिची आई मंजुळा पत्र्याच्या शेडमध्ये राहत होत्या. नवं घर बांधायला परवानगी हवी, परवानगीला मोजणीचा नकाशा हवा, आणि मोजणीला खालच्या कोपऱ्यातला हद्दीचा दगड. तो गाळाखाली गेला होता. दगड सापडला नाही तर अर्ज परत येणार होता, आणि मुंबईचा भाऊ आईला घेऊन जायला टपलेलाच होता. मग उज्वलाने डोंगरावर कुणासाठी राहायचं?

अकराला शेजारचे जमीनवाले जमले. कागदावर त्यांना लगतधारक म्हणतात. प्रितमने वही उघडली.

"रंगूबाई?"

"हाय रे बाबा, हितंच हाय."

"किशोर?"

"हजर, साहेब."

तिसऱ्या नावासाठी त्याने तोंड उघडलं, तशी रंगूबाईने पदर ओठांवर दाबला. उज्वला पुढे झाली. "ते नाव धुक्यात घेऊ नका."

"का?"

"घेतलं की ओ येते."

"ओ यावी म्हणूनच तर नाव घेतात," तो हसला. तिला ते हसू आवडलं, आणि म्हणूनच भीती जास्त वाटली.

"सोमा राघो!"

खालच्या अंगाने, ओढ्याकडून, खोकल्यात अडकलेला एक म्हातारा आवाज आला... "हाय!"

प्रितमने नावापुढे 'हजर' लिहिलं. "बघा. आजोबा तिकडे ताटकळलेत आणि आपण इथे गप्पा मारतोय." बोलता बोलता तो उतारावरून निघालासुद्धा.

"अहो, ते नऊ वर्षांपूर्वी वारले! वारसनोंद झाली नाही म्हणून नाव राहिलंय!"

धुक्याने तिचं ओरडणं गिळलं. ती धावली. पुढे काहीच दिसत नव्हतं; फक्त तो आवाज, हाताने जागा दाखवत असल्यासारखा — "हितं... हितं रे..." आणि मग एकदम कानाशी — "थांब."

तिने प्रितमची बाही पकडली. धुकं हातभर सरकलं. त्याच्या बुटांपुढे वीतभर जमीन होती, त्यापुढे दरडीने फोडलेली पोकळी. खूप खाली पाणी वाजत होतं. आणि त्या वीतभर जमिनीत, पावसाने उघडा पाडलेला दगड. माथ्यावर छिन्नीची फुली.

चिखलात दोघांच्याच पावलांचे ठसे होते. विडीचा वास मात्र ताजा होता.

तिने बाही सोडली नाही. त्यानेही सोडवून घेतली नाही.

"माझ्या बाबांना सांगायचे ते," ती कुजबुजली, "तुझ्या मोजणीला मी येणार, तो दगड फक्त मला ठाऊक हाय..."

धुकं विरल्यावर किशोरने मोजणीयंत्राची आरशाची काठी दगडावर धरली. वरच्या तीन दगडांपासूनची मापं जुन्या नकाशाशी तंतोतंत जुळली. दुपारी गावातल्या बुद्धविहाराच्या ओटीवर पंचनामा झाला. प्रितम 'हजर' या शब्दाकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याने त्यावर रेघ ओढली, वर 'मयत' लिहिलं आणि सगळ्यांच्या सह्या घेतल्या.

"पण ते आले होते," उज्वला म्हणाली.

"आले होते." त्याने वही मिटली. "पण मयताची हजेरी कुणी दाखवून दिली तर तुमचं घर अडेल. मापं जुळलीत. दगडाला आता साक्षीदार नको."

तीन आठवड्यांनी तो नकाशा घेऊन स्वतःच वर आला.

"हा ऑनलाइन मिळतो," उज्वला म्हणाली.

"माहीत आहे. नेटवर्क नव्हतं."

"पोलादपुरात?"

"...माझ्याकडे."

ती हसली. त्याने नकाशा उलगडून बोट ठेवलं. दरडीपासून लांब, वरच्या अंगाला घर सहज बसत होतं. "दोन खोल्यांचा आराखडा दिलाय तुम्ही. परवानगी सारखी सारखी कोण काढतं? तिसरी दाखवून ठेवली तर..."

"तिसरीत कोण राहणार?"

तो चष्मा पुसू लागला. "माझी दर काही वर्षांनी बदली होते. माणूस फिरतो. घर तरी एका जागी असावं..."

"मी डोंगर सोडणार नाही, साहेब."

"म्हणूनच तर विचारतोय. आणि साहेब नको."

तिने नकाशा घेतला. तिची बोटं त्याच्या बोटांवर क्षणभर राहिली. "तीन खोल्यांचा अर्ज लिहून द्याल ना... प्रितम?"

शेडमधून मंजुळाने हाक मारली, "उज्वला, च्या किती जणांचा ठेवू गो?"

"तिघांचा!"

आत भांड्याचा आवाज थांबला. "तिघांचा कसा? त्यो खाली बांधावर उभा हाय, त्याला नको?"

दोघांनीही मागे वळून पाहिलं नाही. प्रितमचा हात गार पडला होता. उज्वलाने तो घट्ट धरला.

"चौघांचा ठेव, आई," ती म्हणाली.