साळूबाईनं घेतलेलं नाव

बातमी आली त्या दिवशी कडूबा पडदा धूत होता. कुंभार पिंपळगावचा बाजार भरला होता, बाजाराच्या कडेला आमचा सिनेमाचा तंबू उभा होता, आणि रात्रीच्या खेळाआधी पडदा धुवायचं काम त्याच्याकडे असायचं. विहिरीवरच्या दगडावर बसून तो रिठ्याच्या पाण्यात कापड चोळत होता.

तुम्ही पोरं आत्ताच तंबूतून भिऊन-हसून आलात, म्हणून सांगतो. या गोष्टीला बारा वर्षं झाली. निजामी राज्यातलं फसली साल तेराशे पंचेचाळीस, पौषातली अमावस्या. मी तेव्हा तसल्याच एका तंबूत पेटी वाजवत होतो. यातलं अर्धं माझ्या कानांनी ऐकलेलं आहे, अर्धं कडूबानं पुढं सांगितलेलं.

सिनेमा मुका होता. पडद्यावरची माणसं नुसते ओठ हलवायची आणि त्यांचं बोलणं बोलायला कडूबा पडद्यामागं अंधारात बसायचा. राजा तोच, राणी तोच. पण गाव लोटायचं ते हडळीसाठी. ती पिंपळाखाली आली की मी पेटी थांबवायचो, आणि कडूबा बायकी आवाजात नायकाला हाक मारायचा, "इंद्रसेनाऽऽ…"

"ओ देऊ नको रे!" सगळा तंबू ओरडायचा.

आपल्याकडे हे कुणाला शिकवावं लागत नाही. रात्री हाक आली तर तिसऱ्या हाकेपर्यंत ओ द्यायची नाही. भुताला दोनच हाका मारता येतात, तिसरी माणसाची. कडूबा दुसरी हाक मारून थांबायचा. चांगला थांबायचा. बाया पदर तोंडात धरायच्या, गडी एकमेकांना चिमटे काढायचे. मग पडद्यावर हडळ विरून जायची, कोंबडा आरवायचा, आणि तंबूत हसण्याचा लोंढा फुटायचा. दुसऱ्या दिवशी तीच माणसं पुन्हा पुढच्या रांगेत.

"इत्ता डरते, फिर कायको आते?" तंबूचा मालक निजामोद्दीन दरवेळी विचारायचा.

"भूत दुसऱ्याचं नाव घेतं, निजामभाई," कडूबा म्हणायचा. "म्हणून गोड लागतं."

बातमीच्या आदल्या रात्रीची गोष्ट. खेळ संपला, आम्ही तंबूतच आडवे झालो. कडूबा नेहमीसारखा पडद्यामागं घोंगडी घेऊन. पहिल्या कोंबड्याच्या सुमाराला त्याला जाग आली. बाहेरून हाक आली होती.

"कडूबा…"

आवाज साळूबाईचा. त्याच्या बायकोचा. ती तर तिकडं वडीगोद्रीला होती, आठ दिवस तापानं अंथरुणावर. बाजार झाला की येतो, असा निरोप त्यानं धाडला होता. तो उठायला गेला आणि थबकला. साळूबाई नाव घेत नव्हती. कोणती बाई घेते? लग्नात उखाण्यापुरतं एकदा घेतलं, त्यानंतर अठरा वर्षं "अवं" आणि "ऐकलं का". आवाज तिचा होता, पण नाव घेत होता. म्हणजे ती नव्हतीच.

"कडूबा…"

त्यानं घोंगडी डोक्यावरून ओढली आणि तिसरीची वाट पाहिली. तिसरी आली नाही.

सकाळी चहा पिताना त्यानं हे आम्हाला सांगितलं. तिच्याच आवाजात, हाका मारून. आमच्या अंगावर काटा आला, आणि आम्ही पोट धरून हसलो. मीही हसलो.

दुपार कलल्यावर विहिरीवर मच्छिंद्र आला. साळूबाईचा भाऊ. घोडं फेसाळलेलं, डोक्याला पटका नाही.

"दाजी, पडदा ठिवा खाली."

कडूबा कापड चोळतच राहिला.

"अक्का गेली, दाजी. राती."

"कव्हा?"

"पैला कोंबडा झाला तव्हा. मी तिच्या उशालाच बसल्तो."

"काही बोलली?"

मच्छिंद्रनं मान खाली घातली. जणू बहिणीची काही चोरी सांगायची होती.

"तुमचं नाव घेतलं. समद्या बायांत. मावशी म्हन्ली, तापात बरळून राह्यली. दोनदा घेतलं, मोठ्यानं… तिसऱ्या बारीला नुसते ओठ हालले. आवाज न्हाई आला."

कडूबानं पडदा पिळला. पाणी निथळेपर्यंत पिळला. मग विचारलं, "माती?"

"झाली असंल आतापस्तोर. अहेव गेली, दाजी. कपाळ भरून कुंकू लावलं तिला, मंग निघालो मी."

घोडं पहाटेपर्यंत हलणार नव्हतं. निजामभाई म्हणाला, "आज खेल नक्को, कडूबा. मैं लोगों को बोल देता."

"खेळ होईल. मी बोलणार," कडूबा म्हणाला.

दिवे लागल्यावर तो माझ्या पेटीपाशी येऊन बसला. डोळे कोरडे होते.

"दोन झाल्यात. ती मला हाका मारून राह्यली अन् मी घोंगडीत. आज तिसरी आली तर मी ओ देणार हाय. तिसरी माणसाची असती. तू तव्हा पेटी वाजवू नको."

मी मान हलवली. दुसरं काय करणार?

तंबू गच्च भरला होता. कडूबा चांगला बोलला. राजा बोलला, राणी बोलली. मग पिंपळ आला. हडळ आली. मी पेटी थांबवली.

"इंद्रसेनाऽऽ…"

"ओ देऊ नको रे!"

कडूबा पडद्याकडे तोंड करून बसला होता. चित्राचा उजेड कापडातून त्याच्या बाजूला झिरपत होता. त्या उजेडात, त्याच्या आणि पडद्याच्या मध्ये, एक काळी आकृती होती. डोक्यावर पदर. त्याला वाटलं, हडळीचीच सावली.

"इंद्रसेनाऽऽ…"

पडद्यावरची हडळ विरली. चित्र बदललं.

सावली तिथंच होती.

उंची त्याच्या खांद्याइतकी. कपाळ पडद्याला टेकलेलं. पाठ त्याच्याकडं. अंगाला हळदीचा वास…

तंबूत मशीनची घरघर तेवढी. कोंबडा चोच उघडून आरवत होता, पण त्याला आवाज देणारं कुणी नव्हतं.

मग हाक आली.

"कडूबा…"

मी ऐकली. तंबूतल्या सगळ्यांनी ऐकली. थकलेला, ओलसर आवाज. कडूबाच्या गळ्यातला नव्हता तो. त्याचा हडळीचा आवाज मी दोनशे वेळा ऐकला होता.

मग बाया किंचाळल्या, गडी उठून उभे राहिले, आणि तंबू टाळ्यांनी दणाणला. एवढी मजा त्यांना आजवर कधी आली नव्हती. पुढच्या रांगेतला एक जण हसत हसत ओरडला, "ए कडूबा! तिसरी झाली की! दे की आता ओ!"

"दे की! दे की!" सगळा तंबू हसत होता.

मी पेटीवर हात ठेवून वाट पाहत होतो.

पडद्यामागं काहीच हललं नाही.

लोक गेल्यावर मी कंदील घेऊन मागं गेलो. कडूबा एकटाच होता. तोंडावर दोन्ही हात गच्च दाबून बसला होता. ते मला आणि मच्छिंद्रला मिळून सोडवावे लागले.

पडद्यावर, त्याच्या बाजूनं, खांद्याच्या उंचीला कुंकवाचा डाग होता. कपाळ टेकावं तेवढा. दुपारीच धुतलेल्या कापडावर. निजामभाईनं तो पुढं रिठ्यानं धुतला, सोड्यानं धुतला. तो तंबू आता परभणीकडं असतो, पडदा तोच आहे, डागासकट.

कडूबा वडीगोद्रीला असतो. रात्री कुणी हाक मारली तर पहिल्याच हाकेला उठून दार उघडतो.

त्या रात्री मात्र त्यानं ओ दिली नाही.