एरंडेलाचा हात

लाइट आता काही लवकर येत नाही. मोबाईल खिशात ठेवा आणि ऐका. मध्येच कोणी "काका, मग?" म्हटलं तर मी उठून सरळ झोपायला जाईन.

दुसरबीडचा इंद्रभान माझ्या चांगल्या ओळखीचा. पिकअप चालवतो, आसपासची मेथी-टमाटे चिखलीच्या बाजारात पोचवतो. थापा मारायला त्या माणसाला सवड नाही. गोष्ट माघातली, वद्य द्वितीया, मंगळवारची रात्र. त्याची पोरगी समीक्षा हिची पोलीस भरतीची मैदानी चाचणी होती बुलढाण्याला. पहाटे पाचला हजेरी. उशीर झाला की फाटक बंद. पोरगी दोन वर्षं डांबरी रस्त्यावर धावून तयार झालेली, आणि वयाच्या अटीमुळे पुढची भरती तिच्यासाठी नव्हतीच. जे काय व्हायचं ते त्याच दिवशी.

एवढ्या रात्री एसटी नाही, म्हणून इंद्रभानच तिला नेणार होता. संध्याकाळी बघतो तर मागचं एक चाक बसलेलं. त्याने ते उतरवून स्टेपनी चढवली. आता चाक चढवायचीही रीत असते, बरं का. बोल्टचे आटे फडक्याने पुसून कोरडे करायचे. नट ओळीने आवळायचे नाहीत, समोरासमोरचे आवळायचे, म्हणजे चाक सरळ बसतं. थोडं अंतर गेलं की थांबून पुन्हा एकदा पाना लावून बघायचा. आणि तेल? अजिबात नाही. तेलाने पाना हलका फिरतो, माणूस नको तेवढं आवळतो आणि बोल्ट ताणून तुटतो. नाहीतर हादऱ्यांनी नटच सुटत जातो.

हे इंद्रभानच्या बापाला, मोतीरामजींना, मरेपर्यंत पटलं नाही. त्यांचा जन्म बैलगाडीवर गेलेला. चाकाच्या आसाला एरंडेल घातल्याशिवाय घरचं माणूस गावाबाहेर पाठवायचं नाही, हा त्यांचा धर्मच. म्हातारा रात्री गुपचूप उठायचा आणि पिकअपच्या नटांना तेल चोपडायचा. सकाळी इंद्रभान ते पुसायचा आणि बोंबलायचा, "बाबा, हे का बैलगाडी हाय?"

"चाक थे चाक," म्हातारा म्हणायचा. "बिनातेलाचं चाक घरच्या माणसाले वापस आणत नाही."

नातीवर त्यांचा भारी जीव होता. दोन वर्षांपूर्वी ते गेले. वाद काही मिटला नाही.

तर दीड वाजता बापलेक निघाले. बूट घरूनच घालून, नाड्या आवळून समीक्षा शेजारी बसली. टिपूर चांदणं पडलं होतं. गाव मागे पडल्यावर इंद्रभानने रीतीप्रमाणे गाडी थांबवली आणि पाना लावला. पाना सरकन फिरला. नट ढिला. हात लावून पाहिलं, बोटं ओली.

"कोनं चोपडलं बे हे?" तो खेकसला. चाक त्यानेच चढवलं होतं, आटे त्यानेच पुसले होते.

"काय झालं, पप्पा?"

"काही नाही. तू झोप."

एकेक नट काढून त्याने पुसला, बोल्ट पुसला, कोरडा आवळला. वेळ गेला तो गेलाच.

पुढच्या फाट्याशी मागून टकटक सुरू झाली. उतरून बघतो तर नट पुन्हा ढिले, पुन्हा ओले. आता वासही आला. एरंडेलाचा. म्हातारा गेल्यापासून घरात एरंडेलाची बाटली आली नव्हती. त्याच्या अंगावर काटा आला, पण डोक्यात तिडीक त्याहून मोठी गेली. फडकं तेलाने चिंब झालेलं, म्हणून त्याने अंगातला सदरा काढला आणि त्या सदऱ्यानेच नट पुसायला लागला. माघाची थंडी, उघडं अंग आणि तोंडात शिव्या.

"आजच काऊन? रोज मेथी नेतो तवा काही नाही होत याले!"

समीक्षा काच खाली करून म्हणाली, "पप्पा, पाच वाजून जातीन. मी धावतच जाऊ काय?" तिने हसण्यावारी म्हटलं खरं, पण आवाज रडवेला झाला होता.

तिसऱ्यांदा गाडी थांबली ती चिखलीच्या अलीकडे. या खेपेला एक बोल्ट तुटून गेला होता. बाकीचे सगळे ओले. समीक्षा तोपर्यंत झोपली होती. त्याने सगळे पुसले, आवळले. पण या वेळी तो उठला नाही. टॉर्च लावून चाकासमोर उकिडवा बसून राहिला.

रस्त्यावर कोणी नाही.

वारा नाही.

एक कोरडा नट... चमकला.

मग त्याच्या शेजारचा...

मग त्याच्या शेजारचा. ओळीने. सावकाश. कोणीतरी अंगठा फिरवत होतं.

त्याच्या अगदी बाजूला एक गुडघा कडकला. बसल्या जागी म्हातारं माणूस सरकतं ना... तसा.

त्याने मान वळवली नाही. हिंमत झाली नाही.

"बाबा..."

त्याने हातातला पाना खाली ठेवला.

"बाबा, हात जोडतो." तो चिडूनच बोलला. "तुमच्या तेलानं बोल्ट तुटून राह्यले. चाक निखळलं तं तुमची नात जाईन. तिले पोचवाचंच हाय ना तुमाले? मंग चाक सोडा. जे करायचं थे तिच्यासाठी करा..."



मग गुडघा पुन्हा कडकला. या वेळी थोडा लांब. केबिनच्या बाजूला.

तो धावत गेला, दार उघडलं. समीक्षा गाढ झोपलेली. पायांत बूट तसेच, नाड्या बांधलेल्या. बाकी कोणी नाही.

त्याने शेवटचं एकदा नट पुसून आवळले आणि जपून गाडी काढली. बुलढाण्यापर्यंत चाकाने हूं की चूं केलं नाही. फाटक लावत होते तेवढ्यात पोरगी आत घुसली. आठशे मीटरला ती तिच्या गटात पहिली आली. इंद्रभान बाहेर, मैदानाच्या जाळीला धरून, लहान पोरासारखा रडला.

उन्हं वर आल्यावर ती बाहेर आली. पिकअपच्या मागच्या, खाली सोडलेल्या फाळक्यावर बसली, बूट सोडले, मोजे ओढून काढले. मोजे कोरडे होते.

"पप्पा, हे तुम्ही कवा लावलं?"

तिच्या दोन्ही घोट्यांना, टाचांना, बोटांच्या बेचक्यांतही एरंडेल चोळलेलं होतं. इंद्रभानने हात लावून पाहिलं. तेल अजून कोमट होतं.