मीठ का?

“श्यामला, माझं डोकं गेलं. येऊन जा.”

एवढंच बोलून भाऊंनी फोन ठेवला. श्यामलाने गॅस बंद केला, पायात चपला अडकवल्या आणि कुंपणातल्या वाटेने शेजारच्या परसात शिरली. तालुक्याच्या कोर्टात टंकलेखक म्हणून तिची सगळी नोकरी झाली होती. तिथे तिने इतक्या खोट्या साक्षी टाइप केल्या होत्या, की म्हशीने आज दूध कमी दिलं असं दूधवाला म्हणाला तरी ती त्याची उलटतपासणी घ्यायची.

भाऊ माजघरात कॉम्प्युटरपुढे बसले होते. भूगोलाचे निवृत्त मास्तर, एकटा जीव. उरणपासून खाली श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्याबद्दल इंटरनेटवर जे सापडेल त्याचे पत्ते ते जमवत. जुने नकाशे, भरतीचे तक्ते, होड्यांवरचे लेख. ब्राउझरवर त्यांचा भरवसा नव्हता, तो बदलला की बुकमार्क गेले. म्हणून सगळे पत्ते एका साध्या मजकुराच्या फाइलीत, एका ओळीत एक. या ओळींना ते खुणा म्हणत. त्यांच्यासाठी भाऊंनी स्वतः चार-चार ओळींच्या शेल स्क्रिप्ट लिहिल्या होत्या. ‘ठेव’ म्हटलं की खूण फाइलीत जाई, ‘शोध’ म्हटलं की सापडे आणि ‘उघड’ म्हटलं की ते पान समोर येई.

“हे बघ,” भाऊ म्हणाले. “जेटीचा नकाशा, दोनदा. मुरूडची भरती, दोनदा. अशा कितीतरी. अगो, ‘ठेव’ दर वेळी अख्खी फाइल चाळते, तंतोतंत सारखी ओळ दुसऱ्यांदा दिसली की गाळून टाकते. मीच तशी लिहिलीय.”

“मग स्क्रिप्ट बिघडली असेल.”

“आत्ताच एक खूण मुद्दाम दोनदा घातली. एक बरोब्बर गाळली. स्क्रिप्ट शहाणी आहे, मीच शहाणा राहिलो नाही. काय करतो ते माझं मलाच आठवत नाही.”

भाऊंचे वडील अखेरीस पोटच्या मुलाला पोस्टमन समजून पत्र मागत. भाऊंनी तो विषय काढला नाही, पण दोघांनाही तेच आठवत होतं.

“आणि ही खूण बघ. हिला जोडी नाही.”

श्यामलाने वाचलं. ‘आगर. नारळ-पोफळीच्या बागेत होमस्टे कसा काढावा.’ पुढे पानाचा पत्ता.

“अजेय म्हणतो, ही मीच ठेवली. मीच त्याला म्हणालो की मागचं आगर तू सांभाळ, तिथे होमस्टे काढ. मला यातलं अक्षर आठवत नाही. दुपारी वकील येतायत. अजेयच्या नावच्या मुखत्यारपत्रावर सही करून टाकतो. सही कशी करायची तेही विसरायच्या आत.”

अजेय हा भाऊंचा पुतण्या. पनवेलला नोकरीला होता आणि महिनाभर इथूनच ऑफिसचं काम करत होता. काकांची काळजी वाटते म्हणून आलो, असं तो गावात सगळ्यांना सांगे. श्यामलाला न विचारता सांगितलेली कारणं आवडत नसत.

“वकील येईपर्यंत सहीचं पेन माझ्याकडे दे,” ती म्हणाली. भाऊंनी निमूटपणे दिलं.

ओटीवर हेमाली बसली होती. उरणकडची, मिठागरवाल्यांच्या घरची पोर, शिकायला या गावात राहिलेली. भाऊंबरोबर तीही खुणा जमवत असे. आज तिची पिशवी भरून बाजूला ठेवलेली होती.

“कुठे निघालीस?”

“घरी. अजेयदादा बोलले, उद्यापासून येऊ नको. फाइलीत घोळ मीच घालते म्हणून.”

“घालतेस का?”

“न्हाय.”

“भाऊंच्या कॉम्प्युटरला हात कोण कोण लावतं?”

“मी न् भाऊ. अजेयदादा कवा कवा पेन ड्राइव्ह लावतात. प्रिंट काढायचीय बोलतात.”

“त्याचा स्वतःचा लॅपटॉप आहे ना?”

“हाय. ऑफिसचा, विंडोजवाला. आमचा हा लिनक्स.”

“तुझं नि भाऊंचं भांडण झालं होतं म्हणे.”

हेमाली हसली. “शब्दावरून. आमच्यात आगर म्हंजे मीठ. नारळाची ती वाडी. भाऊंच्या घरात नारळाचंच आगर. खुणांचा नुसता काला व्हायचा. मग भाऊंनी माझं ऐकलं. फाइलीत आगर म्हंजे मीठच.”

श्यामलाला ही पोरगी आवडत होती. म्हणूनच तिने तिच्यावर जरा जास्त संशय घेतला.

“चल, माझ्यासमोर एक खूण ठेव. मिठाचीच.”

हेमालीने ‘ठेव’ लिहिलं, पुढे ‘आगर’ लिहिलं, पत्ता घातला. पडद्यावर दोन शब्द उमटले. ‘मीठ का?’ तिने ‘हो’ लिहिलं आणि खूण फाइलीत गेली.

“आता त्या जोड्यांतली एकेक ओळ उघड.”

जेटीच्या नकाशाची पहिली ओळ लगेच उघडली. दुसरी उघडेना, पान सापडत नाही, असं उत्तर आलं. भरतीचंही तसंच. आणि होमस्टेची ती एकटी ओळ, तीही उघडेना. श्यामलाने चष्मा पुसून पत्ते अक्षर अक्षर ताडून पाहिले. कुठेही फरक नव्हता.

“जे दिसत नाही ते दाखवता येतं का या यंत्राला?”

“येतं की.” हेमालीने एक कमांड दिली. तीच फाइल पुन्हा उमटली, पण काही ओळींच्या टोकाला आता एक परकं चिन्ह लटकत होतं. जोडीतल्या एकाच ओळीला. आणि होमस्टेच्या ओळीला.

“याला म्हणतात काय?”

“कॅरेज रिटर्न.”

श्यामलाचा हात आपोआप डाव्या खांद्याकडे गेला. “असं होय,” ती म्हणाली. “पिशवी खाली ठेव. आणि अजेय कुठे आहे ते सांग.”

अजेय मागे पोफळींना पाणी लावत होता.

“होमस्टेची खूण काकांनी ठेवली, ते तू पाहिलंस?” श्यामलाने विचारलं.

“डोळ्यांनी, काकू. मी मागेच उभा होतो. त्यांनी ‘ठेव’ लिहिलं, आगर लिहिलं, पत्ता घातला नि एंटर मारला.”

“मग?”

“मग काय? गेली फाइलीत.”

“मध्ये कॉम्प्युटरने काही विचारलं?”

“काय विचारणार? साधी स्क्रिप्ट ती.”

“नीट आठव. नक्की?”

“कोर्टात शपथेवर सांगीन.”

“इतक्या लांब कशाला? माजघरात सांग.”

माजघरात भाऊ भिंतीला टेकून बसले होते. हेमाली दारात उभी राहिली. श्यामलाने अजेयला खुर्ची दिली.

“काकांनी लिहिलं तसंच्या तसं लिहून दाखव.”

अजेयने खांदे उडवले आणि लिहिलं. ठेव. आगर. पत्ता. एंटर.

‘मीठ का?’

अजेय पडद्याकडे पाहत राहिला. “हे कसलं मीठ?”

भाऊ एकदम सरळ बसले. “अरे, ते मी घातलंय. माझी जीभ जन्मभर नारळालाच आगर म्हणत आलेली. हेमालीला शब्द दिला, पण सवय जाते का? म्हणून स्क्रिप्टलाच सांगितलं, आगर दिसलं की विचार. ‘हो’ म्हटल्याशिवाय ओळ घेऊ नको.”

“ऐकलंस?” श्यामला म्हणाली. “हा प्रश्न तुला माहीतच नव्हता. म्हणजे काकांना ती खूण ठेवताना तू पाहिलं नाहीस. ती खूण ‘ठेव’मधून गेलीच नाही. कुणीतरी थेट फाइलीत चिकटवली.”

“मग हिने चिकटवली असेल,” अजेय हेमालीकडे बोट दाखवत म्हणाला.

“नारळाला आगर? मी वाडी लिवलं असतं,” हेमाली म्हणाली.

“नारळाला आगर म्हणणारे या घरात दोघंच,” श्यामला म्हणाली. “भाऊ आणि तू. भाऊंना स्क्रिप्टने टोकलं असतं. आता त्या जोड्यांकडे ये. विसरभोळा माणूस एक पान चारदा ठेवील, दुसरं एकदाही नाही. इथे कुठलीच ओळ तिसऱ्यांदा नाही. इतक्या शिस्तीत कोणी विसरतं का? पेन ड्राइव्हवर फाइल नेलीस, आपल्या लॅपटॉपवर ओळींच्या नकला केल्यास, होमस्टेची एक नवी घातलीस आणि इथे आणून जोडल्यास. पण तुझं विंडोज ओळ संपली की शेवटी एक न दिसणारी खूण ठेवतं. कॅरेज रिटर्न, म्हणजे टाइपरायटरचा गाडा मागे सारणं, त्याचंच नाव तिला दिलंय. तो गाडा ढकलून माझा खांदा कायमचा दुखावला, त्याला मी विसरेन होय? भाऊंचं मशीन गाडा ढकलत नाही. म्हणून दिसायला दोन्ही ओळी सारख्या, पण तुझ्या ओळीला शेपूट. स्क्रिप्टला त्या वेगळ्या वाटल्या नि तिने दोन्ही ठेवल्या. शेपटीसकट पत्ता मात्र उघडेना.”

अजेय हळू आवाजात म्हणाला, “काका, आगर नुसतं पडून आहे. तुम्ही एकटे. सरळ मागितलं तर तुम्ही नाहीच म्हणाला असता.”

“नाही म्हणालो असतो,” भाऊ म्हणाले. “तू रुसला असतास, चार दिवसांनी पुन्हा आला असतास. पण तू काय केलंस? रोज सकाळी आरशासमोर उभा राहून मी माझं नाव घेत होतो रे. आठवतंय का ते बघायला.”

त्यांचे डोळे भरले होते. हेमालीने पाण्याचं भांडं त्यांच्या हातात दिलं.

बाहेर फाटकाशी वकिलांची स्कूटर थांबली. श्यामलाने पेन आपल्या पिशवीत टाकलं.

“चुकलो, काका,” अजेय म्हणाला. “विसरून जा ना झालं ते.”

“डोकं शाबूत निघालं माझं,” भाऊ म्हणाले. “आता कसं विसरू?”

त्यांनी कीबोर्ड जवळ ओढला. पडद्यावर अजेयची ओळ अजून ताटकळत होती. ‘मीठ का?’ भाऊंनी एकेक अक्षर शोधून ‘नाही’ लिहिलं, आणि स्क्रिप्टने ती ओळ घेतली नाही.