जवसाच्या तेलाचा कागद

घरात दिवे कोणते लावायचे यावरून नवराबायको सहसा भांडत नाहीत, पण मनोहरराव आणि प्रेमिला भांडले. मानकापूरच्या पुढे, कोराडी रोडच्या कडेला नवीन पडलेल्या लेआउटात त्यांचं घर उभं राहिलं होतं. ओळीनं तीन खोल्या, वर स्लॅब, मागे न्हाणी. आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली होती आणि सिमेंट मिळवता मिळवता मनोहररावांच्या चपला झिजल्या होत्या. आता फक्त दिवे राहिले होते. प्रेमिलाला छतातून लोंबणाऱ्या दुधी काचेच्या हंड्या हव्या होत्या, आत पिवळे बल्ब. तिच्या मामेबहिणीकडे तशा होत्या. मनोहररावांची उमर लकडगंजच्या आरामशीनवर लाकूड मोजण्यात गेलेली. जे मोजता येतं ते खरं, बाकी सगळा भुसा, असं त्यांचं साधं तत्त्वज्ञान.

"चाळीस वॅटची एक ट्यूबची दांडी," ते म्हणाले, "अन् शंभरच्या दोन बल्बांएवढा उजेड. बिल अर्ध्याच्या खाली. याच्यात इचार काय करा लागते वं?"

"उजेड पडते, पण माणूस मेल्यावानी दिसते त्याच्यात," प्रेमिला म्हणाली.

"दिसू दे. बिल जित्त्या माणसालेच भरा लागते."

झालं, ट्यूबलाइट आल्या. त्या भिंतीवर लावायची सगळ्या जगाची रीत, पण मनोहररावांनी मधल्या खोलीतली छताला, बरोबर मधोमध ठोकून घेतली. उजेड चारी कोपऱ्यांत सारखा पडावा, तसूभरही वाया जाऊ नये. आणि तिच्या बरोबर खाली आईची खाट टाकली, कारण न्हाणी तिथून जवळ होती.

आई, म्हणजे रुखमाबाई. कन्हानजवळच्या गावाहून तिला बैलबंडीत गाद्या घालून आणली होती. उन्हाळ्यात लकवा मारला तेव्हा तिचं उजवं अंग पार गेलं, जीभ जड झाली, डाव्या हातात पाण्याचा पेलाही ठरेना. दुसऱ्यांची शेतं कापून तिनं एकटीनं हा मुलगा वाढवला होता. त्याच कापणीत उजव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाचं वरचं पेर विळ्यानं गेलेलं. तिला आपल्या छताखाली ठेवायचं म्हणून तर मनोहररावांनी हा सारा आटापिटा केला होता. आता ती अन्न गिळेना. डॉक्टर म्हणाले, "मनाची तयारी ठेवा." मनोहररावांनी काही तयारी ठेवली नाही. माय अजून थोडी जगली पाहिजे, नव्या घरात निदान एक उन्हाळा तिनं काढला पाहिजे, एवढा एकच हट्ट ते धरून बसले होते.

पहिल्याच संध्याकाळी किडे आले. दिवाळीच्या आधी धानातून हिरवे तुडतुडे सुटतात आणि दिव्यांवर तुटून पडतात, हे नागपूरकराला सांगायला नको. पण छताला लावलेल्या त्या पांढऱ्या दांडीवर आपटून ते सरळ खाली पडत, आणि खाली आई. तिच्या पापण्यांत किडे, मानेच्या वळीत किडे, कानाच्या पाळीमागे किडे. मनोहरराव ओल्या फडक्यानं एकेक टिपत. चिरडलेल्या किड्यांचा कडवट, हिरवा वास बोटांना राही, साबणानंही जात नसे. जेवताना घासाआधी तो वास तोंडाशी येई.

उपाय घरोघरी ठाऊक असलेलाच होता. प्रेमिलानं वर्तमानपत्राच्या पानाला जवसाचं तेल चोपडलं आणि ते ट्यूबलाइटशेजारी सुतळीनं टांगलं. किडे तेलाला चिकटले. घटकाभरात कागद काळाहिरवा झाला. चिकटलेले जीव पाय झाडत राहिल्यानं सबंध कागदच अंग शहारल्यासारखा हलत होता. प्रेमिलानं त्याच्याकडे पाठ करून भाकर खाल्ली.

सकाळी कागद स्वच्छ होता. मनोहररावांना वाटलं, बायकोनं बदलला. बायकोला वाटलं, त्यांनी बदलला. चहा पिताना दोघांच्याही लक्षात आलं की कागद कालचाच आहे. एक पाय नाही, एक पंख नाही, तेलाचा डागसुद्धा नाही. छापलेली अक्षरं तेवढी उरली होती, आणि कागद ओला होता. प्रेमिलानं तो चिमटीत धरला आणि लगेच सोडून बोटं पदराला घासली.

"बुळबुळीत लागून राहिलं जी. थुंकीवानी."

"पाल असन."

"पाल किडा उचलते. तेल काहून चाटन?"

मनोहररावांनी घराचे सगळे कोपरे धुंडाळले. एकही पाल सापडली नाही. नव्या घरात पाली येतातच कुठे इतक्या लवकर, असं म्हणून त्यांनी स्वतःची समजूत घातली. पण रोज संध्याकाळी कागद भरे आणि रोज सकाळी तो चाटून पुसून लख्ख होई.

इकडे आई मात्र भरू लागली. घशाखाली पेजेचा चमचा उतरत नव्हता, उतरला तरी उलटून येत होता, आणि गालांवर मांस चढत होतं. कातडीला तेलकट चमक आली. डॉक्टरांनी नाडी पाहिली, पुन्हा पाहिली, आणि विचारलं, "खायला काय देता यांना?" मनोहरराव आनंदानं म्हणाले, "काहीच नाही!" मग आपण काय बोललो हे त्यांच्या ध्यानात आलं आणि ते कसनुसं हसले.

दिवाळी झाली. थंडी पडली. शेजारचे वामनराव एका संध्याकाळी कुंपणापाशी थांबले.

"काय गा मनोहरराव, आमच्या दिव्यावरचे किडे तं थंडीनं केव्हाचे गेले. तुमच्याच इथं काहून येऊन राहिले?"

"माह्या ट्यूबचा उजेड चांगला हाय, म्हणून," मनोहरराव म्हणाले. वामनराव हसले नाहीत. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. ती बंद होती.

पुढच्या रविवारी मनोहरराव दांडी पुसायला स्टुलावर चढले. खालून छतावर जो धुरकट डाग दिसायचा तो जवळून डाग नव्हता. पांढऱ्या चुन्यावर तेलकट पंजे उमटले होते, एकावर एक, अनेक. काही ठिकाणी चुनाच चाटून निघाला होता आणि खालचं सिमेंट उघडं पडलं होतं. जवसाचा खवट वास आला. एक पंजा मात्र सुटा आणि स्पष्ट होता. उजव्या हाताचा. करंगळीशेजारचं बोट एका पेरानं आखूड.

मोजायची सवय वाईट. त्यांनी खिशातून टेप काढला आणि पंजा मोजला. मग खाली उतरून पांघरुणातून आईचा लुळा हात काढला आणि तोही मोजला. आई त्यांच्याकडे पाहत होती. तिच्या तळव्यावरून त्यांचं बोट सरकलं, इतका तो तेलकट होता. त्यांना इतकी किळस आली की हात तसाच सोडून ते न्हाणीत गेले आणि ओकले. सख्ख्या आईचा हात धरून ओकारी यावी, याची लाज त्यांना ओकारीहून जास्त वाटली.

प्रेमिलाला त्यांनी सांगितलं नाही. पण ती काही आंधळी नव्हती. "आजच्या आज ती दांडी काढा," ती म्हणाली. "नाही तं मी भावाकडे चालली."

त्यांनी दांडी उतरवली आणि साधा बल्ब लावला. किडे आले नाहीत. खोली पिवळी आणि उबदार दिसू लागली, प्रेमिला कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. आणि आई झपाट्यानं सुकली. गाल आत गेले, डोळे खोबणीत बुडाले. ती नुसती छताकडे बघायची. ओठ कोरडे पडून फाटले तरी तिनं पाण्याचा थेंब आत घेतला नाही. डॉक्टर पुन्हा तेच वाक्य बोलून गेले.

"जाऊ द्या त्यायले सुखानं," प्रेमिला हळू आवाजात म्हणाली. "लई भोगलं त्यायनं."

मनोहरराव आईच्या उशाशी बसून राहिले. माय मरून राहिली होती, आणि ती कशानं जगते ते त्यांना ठाऊक होतं. हे ठाऊक असून माणसानं काय करायचं असतं?

दिवेलागणीला त्यांनी स्टूल ओढलं. बल्ब काढला. दांडी पुन्हा चढवली. कागदाला जवसाचं तेल त्यांनी स्वतःच्या हातानं चोपडलं, काठापर्यंत, कुठंही कोरं न ठेवता. प्रेमिलानं ते पाहिलं, तोंडाला पदर लावला आणि स्वयंपाकघरात जाऊन आतून कडी घातली.

त्यांनी बटण दाबलं. दांडी दोनदा लुकलुकली आणि पेटली.

दारं बंद होती. खिडक्या बंद होत्या. बाहेर हुडहुडी भरणारी थंडी. किडे तरीही आले. कुठून आले ते त्यांना दिसलं नाही. कागद काळा झाला, जड झाला, सुतळी ताणली गेली.

रोज या वेळी ते बाहेरच्या खोलीत जाऊन बसत. आज ते भिंतीला टेकून तिथेच बसले.

तेवढ्यात लाइट गेली. कोराडीचं वीजघर पलीकडेच, आणि लाइट जायची ती याच वस्तीतली.

अंधारात खाटेची नवार करकरली. अंगावरचं ओझं उतरल्यावर करकरते, तशी.

मग डोक्यावरून कागदाचा आवाज आला. ओला, सावकाश. वासरू आंबोण चाटतं तसा. मध्येच बारीक काहीतरी दाताखाली फुटल्याचा कुरकुर आवाज. पण आईला दात नव्हते.

मनोहररावांना हाक मारावीशी वाटली, मारली नाही. ती जेवत होती.

लाइट आली.

दांडी लुकलुकली. त्या उजेडात खाट रिकामी होती.

अंधार.

दांडी पुन्हा लुकलुकली. खाट भरलेली होती.

मग उजेड स्थिर झाला. आई पाठीवर पडलेली होती, पांघरूण गळ्यापर्यंत. गालांवर रंग होता, हनुवटी ओली होती. वर कागद कोरा होऊन हलत होता.

"मनोहर," आई म्हणाली. शब्द स्वच्छ होते. लकव्याआधी होते तसे. "जेवला काय बाप्पा?"

"नाही, माय."

"तुह्या वाट्याचं ठेवलं. तू खाल्ल्याबिगर माह्या घशाखाली उतरत नाही, माहीत हाय ना तुले?"

तिनं उजवा हात पांघरुणातून बाहेर काढला. मूठ घट्ट मिटलेली होती. बोटांच्या फटींतून तेल पाझरत होतं आणि मूठ आतून हलत होती.

मनोहररावांनी स्वयंपाकघराचं दार बंद आहे याची खात्री करून घेतली. मग ते खाटेपाशी गेले, खाली वाकले आणि त्यांनी तोंड उघडलं.